'टिटवी'ची अर्धी टाकी

सोमवारी सकाळी 'टिटवी' होडीची टाकी काठोकाठ भरली, तेव्हा तिच्यात एकशेवीस लिटर तेल मावलं. गुरुवारी सकाळी टाकीचा काटा बरोबर अर्ध्यावर होता. तर मग सांगा पाहू, टाकीत किती तेल उरलं होतं?

तुम्ही म्हणाल, यात विचारायचं काय? साठ लिटर!

बारा वर्षांच्या वैजयंती कुबलनेही मनाशी हेच उत्तर काढलं होतं, आणि ते साफ चुकलं होतं. वैजू काही गणितात कच्ची नव्हती. पण त्या सकाळी तिच्या डोक्यात गणिताला जागाच नव्हती. तिथे आर्द्रा बसली होती.

आर्द्रा म्हणजे वैजूची आतेबहीण. तीही बाराच वर्षांची, पण तिचा जन्म चंद्रावरच्या वसाहतीत झाला होता. ही गोष्ट २०७१ सालची आहे. वैजूची ऋचाआत्या चंद्रावर मालवाहू यानं चालवायची. यंदा प्रथमच तिने आपल्या मुलीला दोन महिन्यांसाठी आजोबांकडे, कोकणात शिरखोलला पाठवलं होतं.

चंद्रावर प्रत्येक वस्तूचं वजन पृथ्वीवरच्या वजनाच्या सहाव्या हिश्श्याइतकं भरतं. म्हणजे तिकडे जे दप्तर आर्द्रा एका बोटाला अडकवून नेत असे, ते इथे तिला दोन्ही हातांनी उचलवेना. तिचं स्वतःचं अंगही तिला सहापट जड झालं होतं. त्यामुळे ती पायांना आणि पाठीला आधारचौकट (चालताना स्नायूंना मदत करणारा यांत्रिक सांगाडा) बांधून सावकाश चालायची. दहा पावलं टाकली की धाप लागायची.

सगळा गाव तिच्या दिमतीला होता. कोणी शहाळं आणायचं, कोणी फणसाचे गरे. आजोबा तर येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगायचे, "ही माझी नात! चंद्राहून आलीय!"

वैजू शेजारीच उभी असायची. 'आणि मी? मी काय तुळशीखाली सापडले?' असं तिच्या ओठांवर यायचं, पण ती गिळून टाकायची.

आजोबा म्हणजे डॉक्टर भालचंद्र कुबल. समुद्राचा अभ्यास करण्यात त्यांचा जन्म गेला होता. किनाऱ्यापासून दहा किलोमीटरवर त्यांनी एक तरंगती वेधशाळा (वारा, लाटा आणि पाण्याचं तापमान यांची नोंद ठेवणारी यंत्रांची नाव) नांगरून ठेवली होती. आठवड्यातून एकदा ते 'टिटवी' घेऊन तिकडे जायचे. 'टिटवी'चं इंजिन शेवाळतेलावर (समुद्री शेवाळापासून काढलेल्या इंधनावर) चालायचं. वैजू सात वर्षांची असल्यापासून त्यांच्याबरोबर होती. निघण्यापूर्वी टाकीत काठी बुडवून तेल किती आहे ते सांगायचं, हे तिचं काम. समुद्रावर पेट्रोलपंप नसतो, म्हणून हे काम सर्वांत मोठं, असं आजोबा म्हणायचे.

पण आर्द्रा आली आणि आजोबांच्या शेजारची, सुकाणूजवळची वैजूची जागा तिला मिळाली. तिथे, होडीच्या मध्याजवळ, हेलकावे कमी बसतात आणि आर्द्राला होडी लागते, हे कारण खरंच होतं. पण कारण खरं असलं म्हणून काही पोटातली आग विझत नाही. वैजू मागच्या बाकावर बसू लागली.

त्यात भर म्हणजे आर्द्राने एक वही सुरू केली. इंजिन कधी सुरू झालं, कधी थांबलं, किती वेगाने धावलं, सगळं ती त्या वहीत लिहायची.

"हे कशाला?" वैजूने एकदा विचारलं.

"यानात इंधन टाकीभर तरंगत असतं," आर्द्रा म्हणाली. "त्याला वर नाही, खाली नाही. मग काठी बुडवणार कुठे? म्हणून आई गेलेलं इंधन मोजते. किती होतं ते ठाऊक असलं आणि किती गेलं ते ठाऊक असलं, की किती उरलं ते कळतं."

"व्वा!" आजोबा म्हणाले. "बघ वैजू, कशी शिस्त आहे ती!"

झालं. त्या दिवसापासून वैजूला ती वही दिसली तरी कपाळात तिडीक उठू लागली.

आता गुरुवारची सकाळ. आजोबा धक्क्यावर वेधशाळेच्या जड बॅटऱ्या होडीत चढवून घेत होते. आर्द्रा आधीच होडीत येऊन बसली होती, आणि नेमकी त्याच फळीवर, जिच्याखाली टाकीचं झाकण होतं. काठी बुडवायची तर तिला उठवायला हवं होतं.

"आजोबा, हिला जरा—" वैजूने सुरुवात केली.

"तिला उठवू नको गो, आत्ताच बसलीय बिचारी. दम खाऊ दे तिला दोन मिनिटं."

दोन मिनिटं थांबायला काहीच हरकत नव्हती. पण वैजूचं तोंड कडू झालं. मागच्याच आठवड्यात टाकीला नवा काटा बसवला होता, मागच्या बाकाजवळ. टाकीत एक तरंगी (तेलावर तरंगणारा पोकळ गोळा) होती. तेल खाली गेलं की तरंगी खाली, आणि तिच्या दांडीला जोडलेला काटाही खाली. 'नव्या काट्याची पारख अजून झालेली नाही, काठी सोडू नको,' असं आजोबांनी बजावलं होतं. वैजूने त्या काट्याकडे पाहिलं. तो अर्ध्यावर होता.

"वैजू," आर्द्रा हळूच म्हणाली, "माझ्या वहीप्रमाणे टाकीत तीस लिटर असायला हवेत. सोमवारपासून किनाऱ्यालगतच्या फेऱ्यांत इंजिन तीन तास जोरात चाललंय. तासाला तीस लिटर, म्हणजे नव्वद गेले. पण काटा तर अर्ध्यावर आहे. आजोबांना विचारूया का?"

"विचारते मी," वैजू म्हणाली. "तेल माझं काम आहे."

तेवढ्यात आजोबांनी धक्क्यावरून हाक दिली, "वैजू, तेल किती?"

वैजूने एकदा आर्द्राकडे पाहिलं, एकदा वहीकडे.

"अर्धी टाकी, आजोबा," ती म्हणाली. काठी बुडवली नाही हे तिने सांगितलं नाही. वहीतल्या तीस लिटरबद्दलही सांगितलं नाही.

आजोबांना वाटलं, नेहमीप्रमाणे काठी बुडवूनच सांगते आहे. त्यांनी मान हलवली आणि दोर सोडला. आर्द्राला वाटलं, होडी पृथ्वीवरची, तेव्हा वैजूलाच जास्त कळत असणार. तिने वहीत तीसच्या पुढे प्रश्नचिन्ह काढलं आणि ती गप्प राहिली.

दहा किलोमीटर अंतर 'टिटवी'ने वीस मिनिटांत कापलं. आजोबांनी बॅटऱ्या बदलल्या आणि जुन्या काढून होडीच्या नाळेत (पुढच्या टोकाशी) नीट बांधून ठेवल्या. निघणार इतक्यात आर्द्रा ओरडली. लांब पाण्यावर काळ्या पाठी उसळत होत्या.

"डॉल्फिन!" आजोबा हसले. "चंद्रावर नाहीत ना गो हे? चल, जवळून दाखवतो. वैजू, साठातले दहा गेले, पन्नास उरले. चालेल ना?"

अजून वेळ गेलेली नव्हती. 'आजोबा, मी काठी बुडवली नव्हती,' एवढं एकच वाक्य बोलायचं होतं. पण मग आर्द्रा बरोबर ठरली असती, आणि तीही आजोबांच्या देखत.

"चालेल," वैजू म्हणाली.

डॉल्फिनांच्या मागे जाता जाता आठ किलोमीटर झाले. मग आजोबांनी इंजिन बंद केलं. डॉल्फिनांची एक जोडी होडीला वळसा घालून गेली, इतक्या जवळून की त्यांच्या श्वासाचे तुषार आर्द्राच्या तोंडावर उडाले. ती टाळ्या पिटत होती, आणि आजोबा डॉल्फिन सोडून तिच्या तोंडाकडे पाहत होते. वैजूला ते बघवेना. तिने मान फिरवली, तेव्हा बाकावर उघडी पडलेली वही तिला दिसली.

'दहा अधिक आठ, अठरा गेले. उरले बारा.' आणि त्याखाली: 'माझं चुकत असेल. वैजूला विचारायचं.'

वैजूने काट्याकडे पाहिलं. तो तिसऱ्या हिश्श्याच्याही किंचित खाली होता. एकशेवीसचा तिसरा हिस्सा चाळीस. काटा म्हणतो जवळजवळ चाळीस, वही म्हणते बारा. एवढा फरक? आर्द्रा एव्हाना पुढच्या बाकावर सरकली होती. वैजूने फळी उचलली, झाकण उघडलं आणि काठी खाली सोडली.

काठीवर आठ खुणा होत्या, दर पंधरा लिटरला एक. तेल पहिल्या खुणेलासुद्धा लागलं नव्हतं. बोटभर खालीच राहिलं होतं.

वैजूने काठी पुसून पुन्हा बुडवली. तेच. किनारा चौदा किलोमीटरवर होता, आणि 'टिटवी'ला जोरात धावताना किलोमीटरला एक लिटर तेल लागायचं.

आता काय करायचं? काट्याने फसवलं म्हणायचं? कोणाला संशयही आला नसता. पण आर्द्रा पुढून वळून तिच्याकडेच पाहत होती. त्या नजरेत रागही नव्हता आणि 'बघ, मी सांगत होते' असंही नव्हतं. ती फक्त घाबरली होती.

"आजोबा," वैजू म्हणाली. "टाकीत बारा लिटर आहेत. सकाळी मी काठी बुडवलीच नव्हती. काटा बघून सांगितलं. आणि आर्द्राने मला तीस लिटर सांगितले होते. ते मी तुम्हाला मुद्दाम सांगितलं नाही."

आजोबांचा चेहरा क्षणभर दगडासारखा झाला. वैजूला वाटलं, आता ओरडतील. पण ते ओरडले नाहीत. त्यांनी काठी हातात घेऊन पाहिली, मग वही पाहिली.

"बारा," ते म्हणाले. "त्यातले तळाचे तीन इंजिनापर्यंत पोचत नाहीत, कारण तेल ओढणारी नळी तळापासून थोडी वर आहे. म्हणजे कामाचे नऊ. बोलणं नंतर. आधी घरी पोचायचं."

त्यांनी बिनतारी यंत्रावरून बंदराला कळवलं. उत्तर आलं, मदतीची बोट उत्तरेकडे गेलेली आहे, यायला दोन तास लागतील. इकडे वायव्येचा वारा वाढू लागला होता. इंजिन बंद ठेवून वाट पाहिली असती, तर वाऱ्याने होडीला कासवखडकाकडे लोटलं असतं. तिथे पाण्याखाली सुऱ्यांसारखे सुळके आहेत.

"नऊ लिटर आणि चौदा किलोमीटर," वैजू पुटपुटली. "पाच लिटर कमी पडतात."

"जोरात गेलो तर," आजोबा म्हणाले. "हळू गेलो तर नाही. पाण्यात वेग दुप्पट केला, की पाण्याचा विरोध दुपटीहून पुष्कळ जास्त वाढतो. होडी तेल जाळते ती पाणी ढकलण्यासाठी. ताशी दहा किलोमीटरने गेलो तर किलोमीटरला अर्धा लिटर पुरतो. म्हणजे सात."

"मग पुरेल!"

"पुरायला हवं. आर्द्रा, तू वेळ मोज. वैजू, तू दर दहा मिनिटांनी काठी बुडव. दोन्ही आकडे मला मोठ्याने सांगायचे. एकीचा चुकला तर दुसरीचा असेल."

'टिटवी' संथपणे निघाली. लाटा मागून येत होत्या. पहिल्या दहा मिनिटांनी आर्द्रा म्हणाली, "अकरा पूर्णांक दोन." वैजू म्हणाली, "अकराच्या आसपास." पुढच्या वेळी "दहा पूर्णांक तीन" आणि "दहाला थोडं वर". आकडे जुळत होते.

अर्ध्या तासानंतर मात्र इंजिन ठसकलं. मागून आलेल्या एका उंच लाटेने होडीचा पाठचा भाग वर उचलला आणि इंजिन खाकरलं. लाट पुढे गेली तसं पुन्हा सुरळीत झालं. पुढच्या लाटेला पुन्हा तेच.

"तेल आहे, तरी असं का करतंय?" वैजूने विचारलं.

"नळी टाकीच्या मागच्या टोकाला आहे," आजोबा म्हणाले. "पाठ वर उचलली, की उरलंसुरलं तेल पुढे पळतं. नळीला हवा लागते. असं चालू राहिलं तर इंजिन बंद पडेल."

आर्द्राचा चेहरा होडी लागून हिरवट झाला होता. तरी ती एकदम ताठ झाली.

"आई यानाचं मोठं इंजिन लावण्याआधी छोट्या इंजिनाने यानाला हलकासा धक्का देते," ती म्हणाली. "म्हणजे तरंगणारं इंधन टाकीच्या एका टोकाला गोळा होतं, नळी असते त्या टोकाला. आपल्यालाही तेल मागे गोळा करायला हवं."

"पण धक्का द्यायचा कसा?" आजोबांनी विचारलं.

"धक्का कशाला?" वैजू उडालीच. "वजन! जुन्या बॅटऱ्या नाळेत आहेत. त्या मागे आणल्या की पाठ खाली बसेल आणि तेल मागेच राहील!"

आजोबांनी वळून मागच्या काठाकडे पाहिलं. तो पाण्यापासून चांगला हातभर वर होता. "आण," ते म्हणाले. "पण बसून, सरकवत."

चार बॅटऱ्या, एकेक पंधरा किलोची. वैजूने गुडघ्यांवर बसून त्या एकामागून एक ओढत मागे आणल्या. तिचे तळवे सोलवटले. मग पाण्याचे डबे आणले. शेवटी ती आर्द्रापाशी आली.

"तूही मागे चल. तुझं वजनही कामाचं आहे."

"मला जमणार नाही गं. एवढ्या हेलकाव्यात माझी चौकट तोल धरत नाही."

वैजूने तिला पाठीमागून घट्ट मिठी मारली आणि दोघी इंच इंच सरकत मागच्या बाकाशी आल्या. वैजूने एक पाय बॅटऱ्यांना अडकवला आणि आर्द्राला धरून ठेवलं. पुढची लाट आली. इंजिन एकदाच घुटमळलं, पण थांबलं नाही. त्यापुढच्या लाटेला तर घुटमळलंही नाही.

"तुला माझा राग येतो ना?" बऱ्याच वेळाने आर्द्राने विचारलं.

वैजूने बॅटऱ्यांना अडकवलेला पाय आणखी रोवला. मग म्हणाली, "राग नाही. हेवा वाटतो. सारखं आपलं आर्द्रा, आर्द्रा. माझे आजोबा जणू तूच नेलेस."

आर्द्रा आश्चर्याने तिच्याकडे पाहत राहिली. "मीच तुझ्यावर जळते," ती म्हणाली. "तुला पळता येतं, पोहता येतं. आणि आजोबा तर तुला रोजच मिळतात. मला दोनच महिने. ती वही मी का सुरू केली, माहीत आहे? काठी बुडवायला वाकता येत नाही मला. मग तुझ्यासारखं काहीतरी काम आपल्यालाही असावं, असं वाटलं."

वैजूने पकड थोडी आणखी घट्ट केली आणि म्हणाली, "वेळ बघ. दहा मिनिटं होत आली."

खाडीच्या मुखाशी पोचले तेव्हा भरती सुरू झाली होती. आत शिरणाऱ्या पाण्याने 'टिटवी'ला उचलून पुढे नेलं, आणि दुपारी दोनच्या सुमारास ती धक्क्याला लागली. आजोबांनी बंदराला पोचल्याचं कळवलं, मग स्वतः काठी बुडवली. टाकीत पाच लिटर उरले होते. त्यातले कामाचे फक्त दोन.

संध्याकाळी आजोबांनी वैजूला पडवीत बोलावलं.

"तू खोटं बोलली नाहीस," ते म्हणाले. "पण अर्धंच सांगितलंस. समुद्रावर ते खोट्याइतकंच वाईट."

"हो आजोबा."

"आणि माझंही चुकलं. नाखवा मी होतो. काठीने अर्धी की काट्याने अर्धी, हे मी विचारायला हवं होतं. दुसरीकडे लक्ष गुंतलं माझं." त्यांनी वैजूला जवळ बसवलं. "बरेच दिवस गुंतलंय, ते तुझ्या बाजूने मी पाहिलंच नाही."

वैजूच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने ते पटकन पुसलं आणि विचारलं, "पण आजोबा, काट्याचं अर्धं आणि काठीचं अर्धं वेगळं कसं? काटा बिघडलाय का?"

"मुळीच नाही. काटा अगदी खरं सांगत होता. आपण त्याला विचारलं एक, आणि समजलो दुसरंच. आर्द्रा, तूही ये. आणि येताना कागद-कात्री आण."

आजोबांनी कागदाचा एक त्रिकोण कापला आणि टोक खाली येईल असा धरला.

"'टिटवी'चा तळ निमुळता आहे, आणि टाकी त्यात चपखल बसवलेली आहे. म्हणून टाकीही अशीच, वर रुंद आणि खाली चिंचोळी. तरंगी काय मोजते? तेलाची खोली. आणि आपल्याला हवं असतं घनफळ (भांड्यात किती मावलं त्याचं माप). डबा चौकोनी असता, तर अर्धी खोली म्हणजे अर्धं तेल. इथे बघा. उंचीच्या बरोबर मध्ये आडवी रेघ मारतो. रेघेखाली उरला एक छोटा त्रिकोण. वैजू, तो कापून घे. असे किती छोटे त्रिकोण मोठ्या त्रिकोणात बसतात?"

वैजूने तो छोटा त्रिकोण कागदावर फिरवून फिरवून ठेवला. वरच्या भागात एक, दोन, तीन बसले. आणि खालचा तो स्वतः.

"चार!" ती ओरडली. "म्हणजे अर्ध्या खोलीला पावच टाकी! एकशेवीसचे पाव, तीस!"

"आणि तीसच माझ्या वहीत होते," आर्द्रा म्हणाली.

वैजूला किंचित टोचलं, नाही असं नाही. पण ती काठी आणायला धावत सुटली. पाच वर्षं तिला वाटत आलं होतं की आजोबांनी खुणा वेड्यावाकड्या केल्यात. तळापासून पहिली खूण चांगली चौदा सेंटिमीटरवर, आणि सगळ्यांत वरच्या दोन खुणांत दीड बोटाचंही अंतर नाही. आता तिला उमगलं. खाली टाकी चिंचोळी, म्हणून पंधरा लिटर तेल उंच चढतं. वर रुंद, म्हणून तेच पंधरा लिटर पसरून बसतं. आजोबांनी एकेक डबा मोजून ओतला होता आणि दर वेळी तेल जिथे पोचलं तिथे खूण केली होती.

"मग काट्यालाही अशाच खुणा हव्यात," ती म्हणाली.

शनिवारी त्यांनी तेच केलं. होडी शांत पाण्यात धक्क्याला बांधली आणि टाकी पार रिकामी केली. मग वैजूने पंधरा पंधरा लिटर मोजून ओतले. दर वेळी काटा जिथे थांबला तिथे आर्द्राने तबकडीवर नवा आकडा लिहिला. जिथे 'अर्धी' असं छापलेलं होतं, तिथे आता 'तीस' आलं. तबकडीखाली वैजूने स्वतःच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवली: 'होडी उभी असतानाच वाचा. धावताना नाळ वर उचलते, तेल मागे पळतं आणि काटा जास्त दाखवतो.'

रविवारी ऋचाआत्या पडद्यावर आली. चंद्र इतका लांब आहे, की बोललेलं तिथे पोचून उत्तर यायला अडीच सेकंद लागतात. त्यामुळे तिच्याशी बोलताना सगळ्यांनाच थोडं थांबावं लागायचं. आर्द्राने सगळी हकिकत सांगितली. वैजूने लपवलं तेही सांगितलं, आणि बॅटऱ्या मागे ओढायची युक्ती वैजूची, हेही सांगितलं. वैजू मान खाली घालून ऐकत होती.

अडीच सेकंद गेले. मग आत्या म्हणाली, "वैजू, ऐक. इथे चंद्राच्या जमिनीवर आम्ही पाण्याची नवी टाकी उभी करतोय. ती चेंडूसारखी गोल आहे. काटा बसवायचा आहे. अर्ध्या उंचीला अर्धी टाकी, हे सरळ आहे. पण पाव उंचीला किती भरेल? तुम्ही दोघींनी काढून पाठवाल? इथल्या गणकयंत्राचं उत्तर माझ्याकडे आहे, पण मला दुसऱ्या वाटेने काढलेलं हवंय. पडताळायला."

"पाठवू!" दोघी एकदमच म्हणाल्या, आणि ते चंद्रावर पोचायच्या आतच उठल्या.

चेंडूसारखी टाकी कुठून आणायची? वैजूने स्वयंपाकघरातून नारळाची एक गोलसर करवंटी आणली. "हा टाकीचा खालचा अर्धा भाग," ती म्हणाली. "करवंटी अर्ध्या उंचीपर्यंत भरली की झाली टाकीची पाव उंची. आणि काठोकाठ भरली की अर्धी टाकी." आर्द्राने चमचा धरला, वैजूने पाण्याचं तांब्याभांडं. आजोबा दारात येऊन उभे राहिले, पण एकीनेही वर पाहिलं नाही.

"सहा चमचे," आर्द्रा मोजत होती. "सात."

"थांब, तो सातवा काठोकाठ नव्हता."

"होता!"

"नव्हता. मी बघत होते. सगळं ओत, पुन्हा पहिल्यापासून."

आर्द्राने डोळे वटारले. मग तिने करवंटी अंगणातल्या अबोलीच्या रोपाशी रिकामी केली आणि ती वैजूपुढे धरली.

"आता चमचा तू धर," ती म्हणाली. "मी बघते."